पाय धुऊ देणं



आजचं वाचन भागवताच्या दशम स्कंधातलं, अध्याय ८० आणि ८१. सुदाम्याची गोष्ट. तुम्ही म्हणाल, ही तर पाठच आहे. आजीने सांगितलेली, शाळेच्या गॅदरिंगला केलेली, पोह्यांची पुरचुंडी वगैरे. मीही दरवर्षी हे दोन अध्याय असेच भराभर वाचून पुढे जायचे. यंदा अडकले. जुलैमध्ये मी नऊ रात्री एका मैत्रिणीच्या घरी राहून आले, तेही परदेशात, आणि निघायच्या दिवशी तिथे एक माती खाल्ली. ती अजून मनातून जात नाही. तेव्हा आजचं चिंतन थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मूळ भागवतात या माणसाला नावच नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? कृष्णाचा एक ब्राह्मण मित्र, एवढंच. सुदामा हे नाव आपण पुढे दिलं. दक्षिणेत त्याला कुचेल म्हणतात, म्हणजे फाटक्या कपड्यांचा. घरात खायला नाही. बायको म्हणते, तुमचा मित्र द्वारकेत राजा आहे, जाऊन या. हा म्हणतो, काही मागायला म्हणून नाही, पण त्याचं दर्शन तरी होईल. रिकाम्या हाताने कसं जायचं? मग ती शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. गोष्ट इथून सुरू होते: एक माणूस मित्राच्या घरी जायला निघालाय आणि त्याला लाज वाटते आहे.

ही लाज मला ओळखीची आहे.

मी गेले होते मॉरिशसला. माझी मैत्रीण तिथली. आयसीसीआरच्या शिष्यवृत्तीवर ती पुण्यात शिकायला आली होती, दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तिचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यांत मजुरीला गेलेले. घरात सगळे क्रिओल बोलतात. मराठी तिथल्या शाळेत शिकवतात म्हणून तिला वाचता येतं, आणि तिच्या आजीला थोडं आठवतं. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. पुण्यात असताना दिवाळीला ती आमच्या घरी यायची. आल्या आल्या आईच्या ओट्याजवळ स्टूल ओढून बसायची, कढईतली गरम चकली उचलून खायची, दुपारी पाय पसरून झोपायची. आईला ते फार आवडायचं. ‘पोरगी किती मोकळी आहे बघ,’ म्हणायची.

मोकळी. आम्ही मायलेकी नव्हतो तशा. आम्हाला द्यायला आवडतं, घ्यायला नाही.

त्यालाही कारण आहे. मी आठ वर्षांची असताना बाबांची कंपनी बंद पडली आणि आम्ही आठ महिने डोंबिवलीत एका नातेवाइकांकडे राहिलो. दोन खोल्या, त्यांची चार माणसं आणि आमची तीन. कुणी वाईट बोललं नाही, पण पोळ्या मोजल्या जायच्या. आई नेहमी एक कमी घ्यायची आणि मला डोळ्यांनी सांगायची, आता पुरे. सकाळी लवकर उठून ती स्वतःच्या पैशांनी दुधाच्या दोन पिशव्या आणून गुपचूप फ्रीजमध्ये ठेवायची. तिथून बाहेर पडल्यावर तिने एक नियम केला: कुणाचं खाल्लं की आठ दिवसांच्या आत फेडायचं. मिठाई असो, साडी असो, काहीही असो. मी त्या नियमात वाढले. मित्रमंडळींबरोबर जेवले की टेबलावरून उठायच्या आत स्प्लिटवाइजवर माझा हिस्सा चुकता. मला याचा अभिमान होता.

आता अशी मुलगी परदेशात कुणाच्या घरी राहायला गेली तर काय होईल? मी आधी हॉटेलच बघत होते. मैत्रीण फोनवर इतकी चिडली की मी गप्प बसले. मग बॅग भरताना बदला घेतला. मावशींना रेशमी साडी, काकांना कुर्ता, आजीला शाल, भावाला हेडफोन. माझ्या कपड्यांना जागा उरेना.

त्यांचं घर वाक्वा गावात आहे, बेटाच्या मधल्या उंच भागात. आपण समुद्र आणि नारळ डोक्यात धरून जातो. तिथे जुलै म्हणजे हिवाळा, झिरमिर पाऊस, रात्री दोन पांघरुणं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे मी पहाटेच जागी व्हायचे आणि पलंगावर बसून विचार करायचे की उठून स्वयंपाकघरात गेलं तर चालेल का, नळ सोडला तर आवाज होईल का, चहाची पावडर कुठल्या डब्यात असेल. दुसऱ्याच्या घरात पहाटे जागं होणं हा एक वेगळाच एकांत आहे. ज्यांनी अनुभवलाय त्यांना कळेल.

पहिल्या दिवशी मावशींनी माझ्यासाठी दालपुरी केली. डाळीची पूड भरलेल्या मऊ, पातळ पोळ्या, बरोबर टोमॅटोचं रुगाय आणि लोणचं. मी दोन खाऊन हात धुतला. तिसरी ताटात पडली तेव्हा ‘नको नको, पोट भरलं’ म्हटलं. भरलं नव्हतं. रात्री बॅगेतली चिक्की खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की आज सगळ्यांना बाहेर जेवायला मी नेणार. काका हसले आणि ‘बघू’ म्हणाले. ते ‘बघू’ नऊ दिवस चाललं.

इथे एक शास्त्रातली गंमत सांगते. मनुस्मृतीचं नाव काढलं की काहींच्या कपाळावर आठ्या येतील. माझ्याही येतात, तिथलं बरंच काही मला पटत नाही. पण अतिथी कोण याची तिथली व्याख्या विचार करण्यासारखी आहे: जो एकच रात्र राहतो तो अतिथी. राहणं नित्याचं नाही म्हणून तो अ-तिथी. आणि जे गृहस्थ सारखे दुसऱ्यांच्या अन्नावर जगतात ते पुढच्या जन्मी अन्नदात्याचं जनावर होतात, असंही तिथे बजावलंय. आपल्याकडेही तिसऱ्या दिवशी मुक्काम करणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आहेच. सुदामाही द्वारकेत एकच रात्र राहिला. मग मी नऊ रात्रींची कोण? यजमानाने काय करावं याने ग्रंथ भरलेत. तैत्तिरीय उपनिषदातलं अतिथीला देव मानायला सांगणारं वाक्य तर आता पर्यटनाच्या जाहिरातीतही असतं. पाहुण्याने काय करावं, हे मात्र फार कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी देवपण संपल्यावर त्याने कुठे बसावं?

तिसऱ्या दिवशी मैत्रीण मला पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर घेऊन गेली. बंदराच्या काठावर दगडी बांधकाम, थोड्या पायऱ्या, काही खोल्यांचे अवशेष. २००६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर आले, तिथून ही करारावरच्या मजुरीची गोष्ट सुरू होते. पुढे लाखो माणसं याच बंदरात उतरली. गुलामगिरी बंद झाली होती आणि उसाला हात हवे होते. माणसांना इथे थांबवून ठेवायचे, नोंद करायची, प्रत्येकाला एक नंबर, मग मळ्यांवर वाटणी. मैत्रिणीने तिच्या खापरपणजोबांचा नंबर मला तोंडपाठ सांगितला, मी माझा मोबाइल नंबर सांगते तसा.

तिथल्या पाटीवरचा ‘आप्रवासी’ हा शब्द बघताना मला महाभारतातला यक्ष आठवला. वनपर्वात तो युधिष्ठिराला विचारतो, सुखी कोण? युधिष्ठिर म्हणतो, पाचव्या-सहाव्या दिवशी का होईना, पण स्वतःच्या घरी पालेभाजी शिजवून खातो, ज्याच्यावर कर्ज नाही आणि जो परमुलखात नाही, तो. तिथला शब्द आहे ‘अप्रवासी’. आणि इथे दगडावर ‘आप्रवासी’, परमुलखात आलेला. एका कान्याचा फरक, अर्थ थेट उलटा. या पायऱ्यांवर उतरलेल्या माणसांकडे युधिष्ठिराच्या तिन्ही गोष्टींपैकी एकही नव्हती. घर नाही, मुलूख नाही, आणि अंगावर काही वर्षांचा करार.

मी मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘आमच्याकडे पालेभाजी मात्र रोज असते.’ खरंच असते. तिकडे पाल्याला ब्रेद म्हणतात आणि त्याचं पातळ सार रोजच्या जेवणात असतं. त्या संध्याकाळी मावशींनी माझ्यापुढे एक जुडी टाकली, ‘ब्रेद मुरुम’ म्हणाल्या. बघते तर शेवग्याचा पाला! कोकणात आमच्या आजोळी हाच पाला असाच देठापासून ओरबाडून काढायचे. मी खाली बसून तो निवडला. त्या घरात पहिल्यांदा माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळलं. आजी समोर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘बोटं आमच्यातली हायत.’ तेवढंच मराठी त्या त्या दिवशी बोलल्या.

पाचव्या दिवशी फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. वाक्वाहून खाली उतरलं की पश्चिमेकडचा समुद्र. पाणी काचेसारखं. मैत्रीण म्हणत होती रबरी चपला घाल, मी म्हटलं राहू दे, उगाच तुझ्या बहिणीच्या चपला कशाला खराब करू. (बघा, चपलासुद्धा घेववत नव्हत्या.) आणि दगडांमध्ये माझा उजवा पाय एका काटेरी गोळ्यावर पडला. तिकडे त्याला उर्सें म्हणतात, काळ्या लांब काट्यांचा जिवंत चेंडू. टाचेत आणि तळव्यात सात-आठ काटे मोडून बसले. जीव जाईल असं काही नाही, पण कळ अशी की डोळ्यांपुढे अंधारी.

घरी आणलं. मी लंगडत थेट बाथरूमकडे निघाले, म्हटलं मी बघते माझं. मावशींनी मला खुर्चीवर बसवलं. परातीत कढत पाणी, त्यात थोडं व्हिनेगर. आणि त्या स्वतः जमिनीवर बसल्या, साठीच्या बाई, त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. माझा पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतला.

मी पाय मागे ओढला.

आपल्याकडे मोठ्या माणसांनी लहानांच्या पायाला हात लावायचा नसतो. चुकून लागला तरी आपण लगेच वाकतो. मी म्हणत राहिले, मावशी नको, मावशी मी करते. तीन वेळा ओढला असेल. चौथ्या वेळी त्यांनी टाच घट्ट धरली आणि आवाज चढवला, ‘रेस त्रांकिल!’ म्हणजे स्वस्थ बस. शाळेतल्या पोराला दटावतात तसं. मग चिमट्याने एकेक काटा. जोर केला तर आत तुटतो, म्हणून पुन्हा पाण्यात, पुन्हा मांडीवर. पाऊण तास लागला. तेवढ्यात चुलीवरचं सार उतू गेलं, आजींनी उठून गॅस बंद केला. मावशींच्या फ्रॉकवर माझ्या पायाचं पाणी आणि थोडं रक्त. आणि मी खुर्चीत, उंचावर, काहीच करू शकत नाही अशी.

मला रडू आलं ते दुखत होतं म्हणून नव्हे.

भारतात परत आल्यावर हे दोन अध्याय समोर आले तेव्हा मी पहिल्यांदा सुदाम्याच्या बाजूने वाचले. आपण या प्रसंगात नेहमी कृष्णाकडे बघतो. पलंगावर बसलेला द्वारकाधीश लांबून मित्राला बघतो, उठून धावतो, मिठी मारतो, डोळ्यांत पाणी. त्याला पलंगावर बसवतो, स्वतः त्याचे पाय धुतो, ते पाणी स्वतःच्या डोक्यावर शिंपडतो. रुक्मिणी चवरी ढाळते. अंतःपुरातले लोक चकित होऊन बघतात, हा कोण मळका, शिरा दिसणारा, भीक मागितल्यासारखा माणूस? सगळे कीर्तनकार इथे थांबतात आणि देवाच्या मोठेपणावर बोलतात. बरोबरच आहे. पण त्या पलंगावर बसलेल्याचं काय होत असेल? त्याचे पाय भागवतात वर्णन केलेले नाहीत. नरोत्तमदासांनी ब्रज भाषेतल्या ‘सुदामा चरित’मध्ये मात्र ते दाखवलेत: टाचांना भेगा, आत रुतलेले काटे, आणि कृष्ण परातीतल्या पाण्याला हात न लावता डोळ्यांतल्या पाण्यानेच ते धुतो. असे पाय मित्राच्या हातात देणं, तेही त्याच्या बायकोसमोर आणि शंभर नोकरांसमोर! मला वाटतं त्या दिवशी द्वारकेतलं सगळ्यात अवघड काम सुदाम्याने केलं. त्याने पाय मागे ओढला नाही.

पोहे मात्र लपवले. बघा हां, माणूस किती खरा आहे. पाय दिले, पोहे दिले नाहीत. कृष्ण विचारतो, घरून माझ्यासाठी काय आणलंस? हा मान खाली घालून गप्प. आपलं दारिद्र्य धुवायला द्यायचं धैर्य झालं, पण आपली भेट अपुरी आहे हे दाखवायचं नाही झालं. शेवटी कृष्णच ती पुरचुंडी ओढून घेतो. त्याआधी त्या दोघांच्या गप्पांत सांदीपनींच्या आश्रमाची आठवण निघालेली असते: गुरुपत्नीने सरपण आणायला रानात पाठवलं, अवेळी वादळ आलं, दिशा कळेना, आणि दोघं रात्रभर एकमेकांचा हात धरून फिरत राहिले. मला वाटतं कृष्ण ती आठवण काढतो कारण तिथे कोण देणारा आणि कोण घेणारा हा प्रश्नच नव्हता. अंधारात दोघांनी हात धरला होता. आता एक पलंगावर आणि एक जमिनीवर असला तरी हात तेच आहेत, एवढंच त्याला सांगायचं असावं.

हे सगळं मला आता सुचतंय. तेव्हा नाही सुचलं. तेव्हा मी काय केलं ते सांगते.

शेवटचे चार दिवस मला चालता येत नव्हतं. भटकंतीचे बेत गेले. मी त्या घरात पाय वर करून बसले, आणि मावशी, काका, आजी, सगळे माझ्या पाण्या-चहाकडे बघत होते. माझ्या मनातलं मीटर पळत होतं. इतक्या रात्री, इतकी जेवणं, औषध, पेट्रोल. मी खरंच मोबाइलवर जवळच्या हॉटेलांचे दर बघितले आणि नऊने गुणले. काकांबरोबर गाडीतून जाताना एटीएमपाशी थांबायला सांगितलं. निघायच्या दिवशी सकाळी ती रक्कम एका पाकिटात घातली, वर ‘मावशींसाठी, प्रेमाने’ लिहिलं आणि उशीखाली ठेवलं. विमान रात्रीचं होतं; मी गेल्यावर उद्या कधीतरी सापडेल, तोवर मी पुण्यात असेन, असा हिशोब.

मावशींनी चादरी दुपारीच धुवायला काढल्या.

त्या बाहेरच्या खोलीत आल्या, हातात पाकीट. आरडाओरडा काही केला नाही. ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘इसी पा लोटेल.’ इथे हॉटेल नाही. आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. विमानतळापर्यंत तासभर गाडीत कुणी फारसं बोललं नाही. मैत्रिणीने फक्त एवढं विचारलं, ‘मी तुझ्या आईच्या उशीखाली कधी काही ठेवलं होतं का?’

गीतेच्या सतराव्या अध्यायात, विसाव्या-एकविसाव्या श्लोकांत, दानाचे प्रकार येतात. जो आपल्याला काही परत देणार नाही अशालाही ‘द्यायचं असतं’ म्हणून दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने दिलेलं राजस. आपण हे नेहमी देणाऱ्याच्या बाजूने वाचतो, माझं दान सात्त्विक आहे ना. पण घेणाऱ्यालाही यात काहीतरी करता येतं, नाही का? मावशींनी मला सात्त्विक दिलं होतं. मी नवव्या दिवशी त्याला दर लावला. त्यांच्या मनात नसलेली परतफेड मी उशीखाली सरकवली. सुदाम्याने आपली भेट लपवली कारण ती लहान होती. मी लपवली कारण ती पुरेशी मोठी होती, हिशोब मिटवण्याइतकी. त्याचं लपवणं लाजेपोटी होतं. माझं, आता बघते तर, गर्वापोटी. कुणाचंच काही लागत नाही असा गर्व.

घरी आल्यावर आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती मला रागावेल किंवा मावशींच्या मोठेपणाने भारावेल. ती म्हणाली, ‘तू ठेवलंस ते बरोबरच केलंस. त्यांनी घेतलं नाही तो त्यांचा प्रश्न.’ आणि विषय बदलला. मी दोन दिवस तिच्यावर मनातून नाराज होते. मग उद्योगपर्वातला एक प्रसंग वाचनात आला आणि माझी नाराजी गेली.

कृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापूरला जातो. परमुलखातला पाहुणा म्हणून. दुर्योधन मोठी मेजवानी ठेवतो, कृष्ण जेवायला नकार देतो. कारण विचारल्यावर तो जे सांगतो त्याचा आशय असा: दुसऱ्याचं अन्न माणूस दोनच कारणांनी खातो, प्रीती असेल तर किंवा आपत्ती असेल तर. तुला माझ्याबद्दल प्रीती नाही आणि मी काही आपत्तीत नाही. एवढं बोलून तो विदुराकडे जातो, तिथेच जेवतो आणि राहतो. आपल्याकडे विदुराघरच्या कण्या म्हणतात त्या याच.

प्रीती किंवा आपत्ती. माझी आई डोंबिवलीत आठ महिने आपत्तीतलं अन्न खात होती. तिथे प्रीती किती होती, मला माहीत नाही. पोळ्या मोजणाऱ्या घरातही थोडी असेल. पण खाण्याचं कारण आपत्ती होतं, आणि आपत्तीत खाल्लेलं फेडलं नाही तर माणूस स्वतःच्या नजरेत उभा राहू शकत नाही. दुधाच्या त्या दोन पिशव्यांवर माझी आई उभी राहिली. तिचा नियम चुकीचा नव्हता. तो त्या घराचा नियम होता. मी तो वीस वर्षांनी बॅगेत भरून समुद्रापलीकडे नेला आणि प्रीतीच्या अन्नाला लावला.

आणि सुदामा? तो निघाला आपत्तीत. बायकोने पाठवलं, घरात दाणा नाही. पण पोचल्यावर त्याने मागितलं नाही, आणि समोरच्याने मागायची वेळही येऊ दिली नाही. आपत्तीने निघालेला माणूस प्रीतीच्या ताटावर बसला. जेवला, पाणी प्यायला, सुखाने झोपला, असं भागवत सांगतं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने परत निघाला आणि वाटेत त्याला मित्राचा राग आला नाही. उलट म्हणाला, पैसे मिळाले असते तर मी त्याला विसरलो असतो, म्हणून दिले नसतील. घरी महाल उभा होता हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. मला त्या वाटेवरचा सुदामा महालातल्यापेक्षा जास्त आवडतो.

हे सगळं वाचून तुम्ही उद्या कुणाच्या घरी महिनाभर तळ ठोकाल तर मनूची ती जनावराची धमकी मी आधीच सांगून ठेवली आहे! यजमानाचं दमणं दिसायला हवं, पाला निवडायला हवा, आपली चादर आपण घडी करायला हवी. आणि जिथे खरंच आपत्ती म्हणून राहावं लागतंय, तिथे माझ्या आईसारख्या पिशव्या आणायला हव्यात. कुठलं घर कुठलं हे ओळखायचं कसं, ते मला अजून नीट येत नाही. माझ्या बाबतीत ओळख साधी होती, मी बघितली नाही एवढंच. एक बाई जमिनीवर बसली होती आणि तिचं सार उतू जात होतं.

परवा मावशींचा आवाजी संदेश आला. पाकिटाबद्दल काही नाही. पाय कसा आहे, एवढंच, क्रिओलमध्ये, आणि मागून आजींचा आवाज. मी सांगितलं की टाचेत एक काळा ठिपका अजून दिसतो, दुखत नाही. आणि मग पहिल्यांदा, धीर करून, एक गोष्ट मागितली: त्या रुगायची कृती. त्यांनी सहा मिनिटांचा संदेश पाठवला आहे. निम्मा मला कळलेला नाही, मैत्रिणीकडून समजून घेते आहे. पाकीट आईच्या कपाटात आहे, तिने विचारलं नाही आणि मी काढलं नाही.

आज हे दोन अध्याय वाचाल तेव्हा पाय धुण्याच्या जागी जरा थांबा. कुणी तुमचा पाय हातात घेतला होता आणि तुम्ही मागे ओढला होता असं काही आठवलं तर लिहून कळवा, मी वाचते सगळ्यांचं. उद्या अध्याय ८२. सूर्यग्रहणासाठी सगळे कुरुक्षेत्रावर जमतात आणि कितीतरी वर्षांनी नंद-यशोदा तिथे कृष्णाला भेटतात. राम कृष्ण हरि.